आज भाजी काय करू?



सकाळी नळाला पाणी आले की पहिली चिंता पाण्याची, दुसरी भाजीची. हातात असतात पन्नास-साठ रुपये, घरात खाणारी सहा माणसे, आणि कालचीच भाजी आज केली तर पोरे ताटावरून उठतात. मग बटाटा. बटाटा नाही तर बेसन. आठवड्यातले चार दिवस आपल्या बहुतेक घरांत हेच चालते.

यंदा वर्षावासात विहारात ग्रंथवाचन आटोपल्यावर आम्ही दहा-बारा जणी थोडा वेळ मागे थांबू लागलो. त्याला कारण घडले होते. वस्तीतली कॉलेजात जाणारी एक मुलगी फॉर्म भरायच्या रांगेत चक्कर येऊन पडली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेसात. बाईचे ते किमान १२ असावे लागते, गरोदरपणी ११. तिची आई रडत म्हणाली, "घरात रोज दोन वेळा चूल पेटते हो, उपाशी कोणीच नाही." तिचे खरेच होते. पोट भरत होते, पण रक्त तयार व्हायला लागते ते लोह ताटात नव्हते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. म्हणजे ही एका घरची गोष्ट नाही.

तेव्हा आम्ही ठरवले की प्रत्येकीने त्या आठवड्यात घरी काय केले, किती पैशांत केले, ते सांगायचे. पहिल्या दिवशी कोणी तोंड उघडेना. एक आजी म्हणाल्या, "आमचं काय सांगू माय, ते गरिबाचं खाणं." पनीर करणारी पटकन सांगते, तरोट्याची भाजी करणारी लाजते. छापील पाककृतींच्या पुस्तकांत आपले जेवण क्वचितच सापडते, हेही त्याचे एक कारण असावे. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाचे खाणे नोंदवून ठेवले. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात असे कितीतरी आहे, ते विचारले तरच निघते.

त्या आजींनीच शेवटी अंबाडी सांगितली. दोन जुड्यांची पाने खुडून धुवायची, उकडायची. आंबटपणा झेपत नसेल तर पहिले पाणी ओतून टाकायचे. अर्धी वाटी तुरीची डाळ, अर्धी वाटी भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या आणि मूठभर शेंगदाणे एकत्र शिजवायचे, त्यात अंबाडी घालून चांगली घोटायची. वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. कण्यांमुळे भाजी पुरवठ्याला येते, सहा माणसांना दोन वेळ होते. आजी ती लोखंडी कढईत करतात. आंबट पदार्थ लोखंडी भांड्यात शिजला की भांड्यातले थोडे लोह त्यात उतरते. भाजी जरा काळसर दिसते, पण बिघडलेली नसते. फक्त तिच्यात ती रात्रभर ठेवू नये, दुसऱ्या भांड्यात काढावी.

जवसाची चटणी सगळ्यांनाच येते, पण करत कोणी नव्हते. एक वाटी जवस, अर्धी वाटी शेंगदाणे, दोन चमचे तीळ वेगवेगळे मंद आचेवर भाजायचे. आठ-दहा लसूण पाकळ्या, जिरे, तिखट आणि बेताचे मीठ घालून कुटायचे. पंधरा दिवसांपुरतीच करावी, जास्त ठेवली तर खवट होते. सुकटीबद्दल मात्र बराच वाद झाला. वासामुळे शेजारी नाक मुरडतात म्हणून काहींनी ती सोडून दिली होती. आमचे मत स्पष्ट आहे: मासे, अंडी, कलेजी यांतून मिळणारी ताकद स्वस्तात मिळत असेल तर शेजाऱ्याच्या नाकासाठी ती सोडू नये. सुकट तव्यावर भाजून, डोकी काढून, गरम पाण्यात दोनदा धुवावी. वाळू जाते, खारवलेली असेल तर मीठही कमी होते. मग कांदा, टमाटे आणि दोन वांगी घालून परतावी. बीपी असलेल्यांनी बेतानेच खावी. दिवसभराचे सगळे मिळून मीठ एका लहान चमच्याच्या वर जाऊ नये, आणि त्यात पापड-लोणच्यातले मीठही धरायचे.

मोडाच्या मटकीचे नवे काही सांगायला नको. खाताना वर लिंबू पिळा, एवढेच. भाजी-डाळीतले लोह अंगी लागायला लिंबू, आवळा, पेरू यांची मदत होते. याच्या उलट काम चहा करतो. आपल्याकडे सकाळी चहा-पोळी आणि जेवण झाले की पुन्हा अर्धा कप. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातले लोह अडवतो. चहा सोडा असे आम्ही म्हणणार नाही, कारण आम्हीच सोडणार नाही. जेवण आणि चहा यांत तासभराचे अंतर ठेवा.

रेशनच्या तांदळाबद्दल एक गैरसमज प्रत्येक बैठकीत निघतो. धुताना काही दाणे वेगळे दिसतात, काही वर तरंगतात, म्हणून ते 'प्लास्टिकचे' समजून वेचून फेकले जातात. ते तांदळाच्याच पिठाचे दाणे आहेत. त्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले असते, साधारण १०० किलो तांदळात १ किलो. ते फेकू नका, आणि भाताचे पाणीही ओतून देऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बरेच आढळते. त्यातही रक्त कमी दिसते, पण कारण वेगळे असते आणि लोहाच्या गोळ्या मनाने घेतल्या तर अपाय होऊ शकतो. म्हणून कोणतीही गोळी सुरू करण्याआधी सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी करून घ्या. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर रेशनचा तांदूळ आणि लोखंडी कढई यांबद्दलही डॉक्टरांना विचारा. आणि हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर नुसत्या भाजीवर विसंबून चालत नाही, औषध लागतेच.

चौथ्या-पाचव्या बैठकीत आम्ही पाककृती बाजूला ठेवून एक साधा प्रश्न विचारला: काल रात्री तुमच्या स्वतःच्या ताटात काय होते? भाजी केली होती सगळ्यांनीच. पण नवरा, पोरे, सासू जेवून उठल्यावर सात जणींच्या वाट्याला भाकर आणि भाजीचा रस्सा आला होता. एकीने तर चहात बुडवून शिळी पोळी खाल्ली होती. तेव्हापासून काही जणी भाजी उतरवल्याबरोबर आपली वाटी आधी काढून झाकून ठेवतात. एकीच्या सासूबाईंनीच सुनेची वाटी काढायला सुरुवात केली, तेव्हा विहारात टाळ्या पडल्या.

त्या कॉलेजच्या मुलीची सिकलसेल तपासणी निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आणि घरचे जेवण यांवर तीन महिन्यांत तिचा आकडा १०.२ झाला. गोळ्या अजून चालू आहेत. त्या दिवशी तिच्याबरोबर आलेल्या आईचेही रक्त आम्ही आग्रहाने तपासायला लावले. तिचे निघाले ८.६.