बांधकाम व्यवस्थापन : सॉफ्टवेअरच्या आधी मोजमाप

निकालांचे दिवस आले की बांधकाम व्यवस्थापनाच्या अंतिम वर्षातील विद्यार्थी, आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे पालक, एकाच प्रश्नाने हैराण होतात. तो म्हणजे कोणत्या सॉफ्टवेअरचा कोर्स केला तर नोकरी पक्की होईल. हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि अशा कोर्सची भरमसाठ फी भरण्यापूर्वी तंत्रज्ञानाने या क्षेत्रात नेमके काय बदलले, हे नागपूरकरांनी आपल्याच शहरात पाहून घ्यावे.

नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने फाइव्ह-डी बीआयएम ही पद्धत वापरली. बीआयएम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. त्यात वास्तूचे केवळ त्रिमितीय चित्र नसते, तर प्रत्येक खांबाची आणि तुळईची माहिती त्या मॉडेलमध्ये साठवलेली असते, तिला वेळापत्रक जोडले की चौथी मिती आणि खर्च जोडला की पाचवी मिती मिळते. वर्धा रोडवर 3.14 किलोमीटर लांबीत एकाच खांबांच्या रांगेवर उड्डाणपूल आणि त्याच्या वर मेट्रो आहे. अशा कामात एका खांबाची तारीख पुढे ढकलली गेली तर वाहतूक वळवण्यापासून ठेकेदाराच्या बिलापर्यंत सगळेच हलते.

तथापि मॉडेलने दिलेला आकडा बरोबर आहे की नाही, हे माणसालाच ओळखावे लागते. सळईच्या मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला 162 ने भागले की एका मीटरचे वजन किलोमध्ये मिळते; म्हणजे 16 मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे 1.58 किलो आणि 12 मीटरची अखंड सळई सुमारे 19 किलो भरते. दोन सळया जोडताना एकीवर दुसरी जितकी चढवतात, ती लांबी, म्हणजे साइटच्या भाषेत लॅप, मॉडेल करणाऱ्याने धरलीच नसेल तर लोखंड कमी दिसते आणि बिलाच्या वेळी भांडण होते. बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळयांची लांबी, आकार व वजन यांचा तक्ता, ज्याने स्वतःच्या हाताने केलेला असतो, त्यालाच ही चूक दिसते.

प्रिमाव्हेरा, एमएस प्रोजेक्ट, एक्सेल, ड्रोन सर्वेक्षण हे सारे यायलाच हवे, परंतु पाया पक्का असेल तर ते कामावर असतानाच शिकता येते.

खरी दुर्लक्षित वाट बिलिंग आणि क्वांटिटी सर्व्हेइंगची, म्हणजे झालेले काम मोजून त्याचे मूल्य ठरवण्याची आहे. रेरा कायद्यानुसार घरखरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि ती काढण्यासाठी वास्तुविशारद व सनदी लेखापालाबरोबर अभियंत्याचेही प्रमाणपत्र लागते. म्हणजेच मोजमाप जाणणाऱ्या माणसावाचून बिल्डरचा पैसा हलत नाही. असे असूनही अनेक पालक या कामाला कारकुनी समजतात आणि साइटवर जाऊ पाहणाऱ्या मुलाला मे महिन्यातील नागपूरच्या उन्हाची भीती घालून पुण्यातील वातानुकूलित कार्यालयाकडे ढकलतात. हे प्रेम नव्हे, मुलाच्या शिक्षणाचे नुकसान आहे. ज्याने कधी काँक्रीट ओतताना पाहिलेले नाही, त्याच्या मॉडेलवर कोणताही साइट इंजिनिअर विश्वास ठेवणार नाही. पालकांनी या सुट्टीत कोर्सची फी बाजूला ठेवून मुलाला किंवा मुलीला दोन महिने एखाद्या बिलिंग इंजिनिअरच्या हाताखाली मोजमाप पुस्तक, म्हणजे एमबी, लिहू द्यावे आणि कोर्स कोणता घ्यायचा हे त्यानंतर त्यांचे त्यांनाच ठरवू द्यावे.