कसे कापू, काका?

पूर्वी गावात न्हावी ठरलेला असे. कोणी त्याला वारिक म्हणत. काखेत धोकटी घेऊन तो घरी येई, नाही तर पारावर बसे. सुगीला त्याला बलुते म्हणून धान्य मिळे. आपल्या बापाची डोई तोच करी. आपले जावळही त्यानेच काढलेले. आपल्या डोक्यावर भोवरा कुठे आहे, हे आपल्यापेक्षा त्यालाच जास्त ठाऊक. त्याला काही सांगावे लागत नसे.

आता तसे राहिले नाही. आपण कामासाठी शहरात जातो. तिथे दुकान असते, खुर्ची असते, विजेवर चालणारे मशीन असते. दुकानातला कारागीर आपल्याला ओळखत नाही. तो विचारतो, “कसे कापू, काका?” आणि आपली जीभ अडते.

आमच्या वर्गातल्या आप्पांचे असेच झाले. लेकीच्या लग्नाची बोलणी करायला ते छत्रपती संभाजीनगरला गेले होते. आम्हीही सोबत होतो. क्रांती चौकाच्या बाजूला एक दुकान दिसले. दारावर दरांची पाटी होती. आप्पांनी ती अक्षर लावून वाचली. कटिंगचे किती, दाढीचे किती, सगळे कळले. आम्हाला फार आनंद झाला.

पण खुर्चीवर बसल्यावर आप्पा म्हणाले, “काप बाबा, तुला बरे वाटेल तसे.”

कारागीर तरुण होता. त्याने तरुणांना करतो तसेच केले. कानावर आणि मागे मशीन फिरवले. वर तेवढा केसांचा झुपका ठेवला. आप्पा आरशात बघत होते. मनात म्हणत होते, थांब म्हणावे. पण भीड वाटली. शेवटी पैसे दिले, टोपी चढवली आणि बाहेर पडले.

व्याह्यांच्या घरी उकाडा होता. सगळ्यांनी टोप्या काढल्या. आप्पांनी काढली नाही. लेकीने विचारले, “आप्पा, बरं नाही का वाटत?” आप्पा काय सांगणार? बोलणी पुष्कळ वेळ चालली, पण आप्पांचे अर्धे लक्ष टोपीतच होते. हुंड्याचा विषय निघाला, तेव्हा ठामपणे ‘नाही’ म्हणायचे होते. तेही आम्हाला म्हणावे लागले.

भीड भिकेची बहीण, असे म्हणतात ते खोटे नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे चुकलेले केस भरून यायला दोन-तीन महिने जातात. आधी बोललेले दोन शब्द बरे.

मग काय सांगावे? चार गोष्टी सांगाव्या.

१. किती ठेवायचे ते सांगावे. “एक इंच” एवढेच म्हटले तर घोटाळा होतो. एक इंच कापायचे की एक इंच ठेवायचे? म्हणून बोट धरून दाखवावे. “वरचे केस एवढे ठेवा,” असे म्हणावे.

२. बाजूला आणि मागे कात्री लावायची की मशीन, ते सांगावे. मशीनला फणी लावतात. फणीवर इंग्रजी आकडे असतात. १ नंबरने केस सुमारे ३ मिलिमीटर राहतात. ते ज्वारीच्या दाण्याहूनही थोडे आखूड. २ नंबरने सुमारे ६ मिलिमीटर राहतात, म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढे. ३ नंबरने सुमारे १० आणि ४ नंबरने सुमारे १३ मिलिमीटर राहतात. आकडा लहान, तर केसही लहान. नक्की ठाऊक नसेल तर मोठ्या आकड्यापासून सुरुवात करायला सांगावी. जास्त वाटले तर आणखी कापता येतात. कापलेले परत चिकटवता येत नाहीत.

३. कल्ले कुठवर ठेवायचे, भांग कोणत्या बाजूला पाडता, भोवरा कुठे आहे, हे सांगावे. भोवऱ्यावर केस फार आखूड केले तर ते उभे राहतात.

४. मिशीला हात लावायचा की नाही, ते आधीच सांगावे.

ओले केस लांब दिसतात. वाळले की ते आखडतात. म्हणून ओल्या केसांवर थोडे कमीच कापायला सांगावे. मध्येच काही चुकते आहे असे वाटले, तर “दादा, जरा थांबा,” म्हणावे. त्यात कुणाचा अपमान नाही.

आणखी एक गोष्ट जिवाची आहे. दाढीचे पाते नवे हवे. ते आपल्यासमोर कागदातून काढायला सांगावे. दुसऱ्याच्या रक्ताचा अंश पात्यावर राहिला, तर त्यातून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सी यांची लागण होऊ शकते. डोळ्यांना रक्त दिसले नाही, तरी धोका असतो. काही जण शेवटी मान कडकड मोडतात. झटका बसून मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. “मान मोडू नका,” असे स्पष्ट सांगावे.

दुकानात जाण्याचा हक्क सर्वांना आहे. आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी लागू झाली. तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. १९५५ साली तसा कायदाही झाला. आज त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. अस्पृश्यता मानून कुणाची डोई करायला नकार देणे हा गुन्हा आहे. मग ते दुकान शहरातले असो की गावातले. असे घडले तर गप्प बसू नये. पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

आपण बोलावे, पण मानाने बोलावे. कारागिरालाही मान असतो. संत सेना महाराज नाभिकच होते. पूर्वी काही जातींत विधवा बाईचे केस जबरीने काढत. १८९० साली मुंबईच्या नाभिक बांधवांनी सभा घेऊन ठरवले, की हे काम आपण करायचे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांची त्यांना साथ होती. वस्तरा चालवणाऱ्यानेही ‘नाही’ म्हटले. त्याची आठवण आपण ठेवावी.

क्रांती चौकात आज शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे. जुने लोक त्या जागेला काळा चबुतरा म्हणत. १८५७ च्या उठावातल्या शिपायांना तिथे देहदंड दिला गेला. ज्या जागी माणसांनी बोलण्यासाठी प्राण दिले, तिथे आपल्याच डोक्याविषयी दोन शब्द बोलायला आपण का भ्यावे?

दोन महिन्यांनी लेकीचे लग्न होते. आप्पा पुन्हा त्याच दुकानात गेले. कारागिराने विचारले, “कसे कापू, काका?”

आप्पा म्हणाले, “दादा, बाजूला आणि मागे कात्रीच लावा. वर दोन बोटे ठेवा. भोवऱ्यावर जपून. मिशी राहू द्या. आणि पाते नवे घ्या.”

कारागीर हसला. म्हणाला, “काका, असं सांगितलं की आम्हालाही बरं पडतं.”

लग्नात आप्पांनी टोपी काढून पाहुण्यांना वाढले. हुंडा दिला नाही.

प्रश्न
१. पहिल्या वेळी आप्पांचे काय चुकले?
२. मशीनच्या १ नंबरने केस जास्त राहतात की ४ नंबरने?
३. नवे पाते का मागावे?
४. तुम्हाला केस कसे हवेत? न्हाव्याला सांगायची तीन वाक्ये वहीत लिहा. ती मोठ्याने वाचा.