आधी घर कुणाचं उठेल ते बघा

पोरापोरीचं काही कानावर आलं की आमच्याकडे पहिला प्रश्न जातीचा निघतो. पाटलाची की गुजराची, तडव्याचा की पावऱ्याचा? रावेर तालुक्यात हे सगळे शेजारीशेजारी नांदतात. सातपुड्याच्या पायथ्याला तर एकाच केळीच्या बागेत दिवसभर बरोबर राबतात. मुलं तिथंच वाढतात, तिथंच बोलायला लागतात. मी अकरावीत असताना अशा एका गोष्टीत होते, आणि आता शाळेत शिकवते तर दरवर्षी एखादी तशीच गोष्ट माझ्यापर्यंत येते. समोर बसलेल्या मुलीला मी जात विचारत नाही. हे उघडं पडलं तर घर कुणाचं उठेल, तेवढं विचारते.

आमच्या बागेवर पालच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरचं पावरा कुटुंब राहायचं. वडील सालदार होते. आई केळीच्या बुडाशी फुटणारे पील कापायला, कमळं म्हणजे केळफुलं तोडायला इतर बायांबरोबर जायची. ज्यांना खानदेशची शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धरतात आणि पुढच्या आखाजीला सुटतं. धरताना उचल देतात आणि ती वर्षभराच्या कामातून फिटते. मधेच साल मोडलं तर राहायची खोली जाते, किराणा बंद होतो आणि न फिटलेली उचल डोक्यावर राहते. या कुटुंबाचा थोरला मुलगा आश्रमशाळेतून दहावी होऊन रावेरला अकरावीत आला होता. सुट्टीच्या दिवशी तो बागेत घड वाहायचा.

त्याची मराठी पुस्तकातली होती, माझी घरातली. मी ‘मले, तुले’ म्हटलं की त्याला गंमत वाटायची. घरी तो पावरी बोलायचा, बाजारात हिंदी आणि वर्गात अशी शुद्ध मराठी, की आमचे सर त्यालाच धडा वाचायला लावत. तो मला गणित समजावायचा, मी त्याला इंग्रजीची उत्तरं द्यायचे. जेवणाचा डबा घेऊन मी मळ्यात जायचे तेव्हा विहिरीच्या बाजूला दोन शब्द व्हायचे. त्या दोन शब्दांतून मैत्री झाली, आणि पुढे जे व्हायचं तेही झालं. आमच्यात लपवावं लागेल असं काही घडलं नव्हतं. तरी मी सगळं लपवत होते, कारण आमच्या घरात मुलीला कुणी आवडतं हे वाक्यच कधी कुणी उच्चारलं नव्हतं.

होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार मला बघायचा होता. आमच्या गल्लीत सगळे सांगायचे की तिथं पोरगा पोरीला गुलाल लावतो आणि दोघं पळून जातात. मी त्याला तसंच विचारलं आणि तो दुखावला. होळीच्या पूजेसाठी गूळ, दाळ्या, हार-कंगन, नवे कपडे घ्यायला भरणारा तो आठवड्याचा बाजार. लेकीबाळी आईबापाबरोबर येतात, ढोल वाजतात, लोक नाचतात, नातेवाईक भेटतात. त्याची बहीणही तिथं जायची, आणि तिच्याबद्दल गावोगाव काय बोललं जातं हे त्याला ठाऊक होतं. आजही दर होळीला पळून जाण्याच्या असल्या बातम्या छापून येतात आणि आदिवासी संघटना दरवेळी त्याला हरकत घेतात. दुसऱ्या समाजातल्या मुलाशी किंवा मुलीशी मैत्री करणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी करावं: आपल्या घरी त्यांच्याबद्दल जे ऐकलं, ते त्यांनाच विचारून बघावं. विचारायची लाज वाटत असेल, तर ती मैत्री अजून कच्ची आहे.

खरी ठिणगी मात्र वेगळ्याच जागी पडली. त्यांच्या पाड्यावर मुलामुलीचं मन बसलं तर ते मोठ्यांच्या कानावर घालतात. पंच बसतात, मुलाकडून मुलीच्या बापाला द्यायचं देज ठरतं, भांडण असलं तर मिटवतात. आमच्याकडे ते कळणं हाच गुन्हा. त्यानं त्याच्या रीतीनं प्रामाणिकपणे आईला सांगितलं. त्या माउलीनं तितक्याच सरळपणे कमळं तोडता तोडता माझ्या काकूजवळ विषय काढला. तिला वाटलं, घरची बाई आहे, बोलून बघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची खोली रिकामी होती. मध्ये काय झालं ते मला पुढे तुकड्यातुकड्यानं कळलं. रात्रीच चार जण गेले, शिव्या दिल्या, मुलाला मारलं, आणि उजाडायच्या आत वर निघून जायला सांगितलं. उचलीचा हिशोब पुढं कितीतरी दिवस त्या बापाच्या मागे लागला होता. मुलानं बारावी दिली नाही. बऱ्हाणपूरकडे तो मजुरीला लागला, एवढंच कानावर आलं. मला भुसावळला मावशीकडे ठेवलं. तिथं माझं कॉलेज सुरू राहिलं, पुढं बी.एड. झालं, लग्न झालं. माझ्या अंगावर एक वळही उठला नाही. आजी तेवढी मला जवळ घेऊन म्हणाली, “तुले तं काही झालं नाही पोरी, त्यायची चूल इझली.” घरात बाकी कुणी हे बोललं नाही.

म्हणून बागायतदाराच्या घरची मुलगी किंवा मुलगा माझ्याकडे आला आणि समोरचं माणूस मजुराच्या घरचं असलं, की मी फार स्पष्ट बोलते. तुमचं धाडस तुम्हाला परवडतं. त्याचे वडील कुणाच्या शेतात आहेत, उचल किती आहे, धाकटी भावंडं कुठल्या शाळेत आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर भेटायच्या जागा ठरवण्याआधी ते माहीत करून घ्या. आणि त्याच्या घरी ‘हो’ म्हणण्याचा अर्थ काय होतो तेही विचारा. तुमच्या मनात अजून नुसती मैत्री असेल आणि तिकडे देजाची बोलणी निघत असतील, तर दोघांचाही घात होतो.

कायद्याबद्दल मुलांच्या डोक्यात सिनेमातलं काहीतरी असतं आणि मोठ्यांच्या डोक्यात जुनं. माझ्या वेळी संमतीचं वय सोळा होतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यापासून ते अठरा आहे. समजा, मुलगी साडेसतरा वर्षांची आणि मुलगा एकोणीसचा, दोघं रावेरहून गाडीत बसले, सुरतला खोली घेतली. घरच्यांनी पळवून नेल्याची तक्रार दिली, पोलिसांनी आठवड्यात आणलं. मुलीनं कोर्टात शंभर वेळा सांगितलं की मी माझ्या मर्जीनं गेले, तरी शरीरसंबंधाच्या बाबतीत अठराच्या आतली तिची मर्जी कायदा धरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यात कमीत कमी शिक्षा दहा वर्षांची आहे, आणि मुलगी सोळाच्या आतली असली तर वीस वर्षांची. मुलगाही अठराच्या आतला असला तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, पण सुटका तिथंही आपोआप होत नाही.

लग्न लावून घेतलं की सुटलो, असंही पुष्कळांना वाटतं. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण हवेत. पत्नी अठराच्या आतली असेल तर नवऱ्यालाही सूट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. पाड्यावर रीतीनं लग्न लागलेलं असलं तरी सतरा वर्षांची मुलगी बाळंतपणाला दवाखान्यात आली, की डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. मे २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं विशेष अधिकार वापरून नवऱ्याला शिक्षा भोगायला लावली नाही. मूळ घटनेपेक्षा नंतर पोलीस, कोर्टकचेरी आणि घरच्यांनी सोडून देणं यांचाच त्या मुलीला जास्त त्रास झाला, हे न्यायालयानं मानलं. पण तोवर तिची कितीतरी वर्षं गेली होती, आणि हा निकाल इतरांसाठी पायंडा नाही असंही न्यायालयानं बजावलं. कुणी त्याच्या भरवशावर गाडीत बसू नये.

तेव्हा अठरापर्यंत पळायचं नाही, खोली घ्यायची नाही, फोटो पाठवायचे नाहीत. आमच्या वेळी चिठ्ठी फाडता यायची, मोबाईलमधलं काही फाटत नाही. बोला, अभ्यास करा, चारचौघांत भेटा, आणि दोघांच्या ओळखीतलं एक तरी मोठं माणूस विश्वासात घ्या. ते शाळेतलं असेल, आत्या असेल, आशाताई असेल. धमकी आली किंवा कोंडून ठेवलं तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे, आणि जीव धोक्यात असेल तर ११२. अठरा-एकवीस पूर्ण झाल्यावरही मन तिथंच असलं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. नोटिशीनंतर तीस दिवस थांबावं लागतं. इतकी वर्षं थांबलेल्याला तीस दिवस जड नाहीत.

आईवडिलांना मला जास्त सांगायचं आहे, कारण आमच्या भागात जीव मुलांच्या प्रेमानं कमी आणि मोठ्यांच्या रागानं जास्त जातात. एप्रिल २०२५ मध्ये चोपड्याला हळदीच्या कार्यक्रमात बापानं लेकीवर आणि जावयावर गोळ्या झाडल्या. लेक गेली. सज्ञान होती, लग्न झालेलं होतं. हे इतक्या टोकाला जाण्याआधी घरात बरंच काही घडत असतं: मुलीची शाळा बंद होते, मोबाईल काढून घेतात, घाईनं स्थळ बघतात. यातलं काहीही करू नका. शाळा सुटलेली मुलगी पळायला आणखी तयार होते. मुलावर हात टाकायचा विचारही नको. तो आदिवासी असला आणि जातीवरून शिवीगाळ, मारहाण झाली, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. समाजाच्या पंचांनी कुटुंब वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात २०१७ पासून तोही गुन्हा आहे. नुसता धडा शिकवायला पॉक्सोची तक्रार करणारेही मी पाहिले आहेत. पुढं त्यांच्याच मुलीला तपासणी आणि साक्षीच्या फेऱ्यांतून जावं लागलं. मुलीवर जबरदस्ती झाली असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. तो फरक मुलीला शांतपणे विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि बागायतदारांनो, सालदाराचा हिशोब यात ओढू नका. मुलांचं काहीही असो, साल आखाजीपर्यंत चालू द्या. मोडायचंच असेल तर उचलीतून झालेल्या कामाचे पैसे वजा करून कागदावर लिहून द्या, आणि धाकट्यांची परीक्षा होईपर्यंत खोली राहू द्या. मुलाच्या आईवडिलांशी बोलायचं असेल तर त्यांना खळ्यावर बोलावू नका. तिथं ते तुमचे मजूर असतात आणि तुम्ही म्हणाल त्याला मान हलवतात. त्यांच्या पाड्यावर जा, त्यांच्या ओट्यावर बसा, सोबत त्यांच्यातलं एक जाणतं माणूस असू द्या, आणि आधी त्यांना बोलू द्या.