लोड लाव, मग व्होल्टेज बघ

अगं, फोनवर तू इतकी हिरमुसली होतीस, म्हणून हे निवांत लिहितेय. बारा व्होल्ट लावले, मोटर जोडली की दहावर येतात आणि मोटर घुरघुरते, म्हणून तू तिसरा एलएम३१७ रेग्युलेटर आणायला निघालीस. थांब. तो आयसी बहुधा ठणठणीत आहे. सत्तरच्या दशकात नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये बॉब डॉबकिन यांनी ही जात बनवली, तेव्हाच जास्त करंट आणि जास्त उष्णतेपासून स्वतःला वाचवायची सोय तिच्यात घातली. तो सहजासहजी मरत नाही गं.

तुझा ट्रान्सफॉर्मर बारा व्होल्ट, एक अँपिअरचा. बाराला १.४१ ने गुण, म्हणजे शिखर १७ व्होल्टचं. ब्रिजमधले दोन डायोड मिळून साधारण १.४ खातात, उरले साडेपंधरा. मोटर नसताना कपॅसिटरवर एवढे किंवा थोडे जास्तच दिसतात, आणि तू त्यावरच खूश झालीस. पण मोटर अर्धा अँपिअर ओढायला लागली की दोन शिखरांच्या मधला सगळा भार कपॅसिटरवर येतो. तुझा १००० मायक्रोफॅरडचा आहे. सेकंदाच्या तेवढ्या शंभराव्या भागात तो चार-पाच व्होल्टनी रिकामा होतो, म्हणजे खाली अकरापर्यंत येतो. रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा निदान दोन व्होल्ट जास्त लागतात. मग तो बारा आणणार कुठून? सेकंदाला शंभर वेळा आउटपुट खचतं, तीच तुझी घुरघुर, आणि मीटर त्या चढउताराची सरासरी काढून तुला दहा दाखवतो.

खात्री करायला आयसी उपसू नकोस. सप्लाय बंद कर, कपॅसिटर रिकामा होऊ दे आणि त्याला समांतर ३५ व्होल्टचा ४७०० मायक्रोफॅरडचा जोड. प्लस-मायनस दोनदा बघ, उलटा लागला तर तो फुटतो. घुरघुर थांबली की चोर सापडला. आणि या ट्रान्सफॉर्मरमधून सलग एक अँपिअर डीसी मागू नकोस. ब्रिज आणि कपॅसिटर लावल्यावर त्याच्याकडून साठ टक्क्यांच्या आसपासच हक्कानं घ्यायचं, नाहीतर तो तापतच राहणार.

नॉब अर्ध्याच्या पुढे फिरवला तरी व्होल्टेज वाढत नाही म्हणालीस, तो बिघाड नाही. २४० ओहम आणि ५ के पॉट हा हिशेब २७ व्होल्टपर्यंत जातो, तुझ्याकडे आत तेवढे आहेतच कुठे? खरी काळजी पॉटच्या तारांची घे. तिथला डाग सुटला की आउटपुट एकदम वर उडतं आणि जोडलेली वस्तू जळते. २४० ओहमचा सुटला तर उलट, आउटपुट दीड व्होल्टच्या आसपास अडकून बसतं. हे दोन्ही लक्षात ठेव, अर्धं निदान तिथेच होतं.

आता हीटसिंक. पाच व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतलास तर मधले दहा व्होल्ट उष्णता होऊन जातात, म्हणजे पाच वॅट. नुसत्या आयसीला ते झेपत नाहीत, तो तापून बंद पडतो, निवला की पुन्हा सुरू होतो, आणि आपण उगाच सैल सांधे शोधत बसतो. हीटसिंक लावच, पण मध्ये अभ्रक आणि स्क्रूला बुश घाल. या आयसीची पाठ आउटपुटला जोडलेली असते, ७८०५ सारखी ग्राउंडला नाही. पायांचा क्रमही वेगळा. ७८०५ ची सवय असलेल्यांचा घोटाळा इथेच होतो.

एवढं मात्र ताईचं ऐकायचंच. ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला उघडी तार एकही नको, प्रत्येक सांध्यावर स्लीव्ह, लाइनमध्ये छोटा फ्यूज, आणि पत्र्याच्या डब्याला अर्थिंग. काहीही बदललं की पहिल्यांदा चाळीस वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू कर. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच प्लग काढ. रात्री रूमवर एकटी असताना तर ही बाजू उघडूच नकोस.

मोटरऐवजी आधी २२ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लोड म्हणून लाव. बारा व्होल्टला तो अर्धा अँपिअरच्या वर थोडं ओढतो. चांगला तापतो, हात लावू नकोस. तो लावलेला असताना कपॅसिटरवर किती, आउटपुटवर किती, हे दोन आकडे मला कळव. पुढचं त्यावरून ठरवू.