पाणी सुधारले, पण बी कोठून येणार?



रान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झाडे उभी राहतात. पण रान समुद्रातही असते. थंड पाण्याच्या किनाऱ्यांवर मोठी तपकिरी शेवाळे खडकांना धरून दाट वाढतात. मासे व शेवंडे यांना त्यात अन्न आणि आसरा मिळतो. असे एक रान कसे नष्ट झाले आणि ते पुन्हा कसे लावले गेले, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या किनाऱ्यावर क्रेवीड नावाचे शेवाळ होते. ते दोन-अडीच मीटर वाढते. १९८० च्या सुमारास सुमारे ७० किलोमीटर किनाऱ्यावरून ते नाहीसे झाले. त्या काळी शहराचा मैला व सांडपाणी किनाऱ्यालगतच समुद्रात सोडत असत. तेच याचे कारण असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. पाण्याखालचे हे नुकसान फारसे कोणाच्या नजरेस आले नाही. २००८ साली अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा ते किती मोठे आहे हे कळले.

१९९० व १९९१ साली सांडपाणी दूर, खोल समुद्रात नेण्याची सोय झाली. किनाऱ्याचे पाणी पुष्कळ सुधारले. तरी पुढच्या वीस वर्षांत रान परतले नाही. असे का व्हावे?

पपईत नर झाड वेगळे व मादी झाड वेगळे असते, हे आपण जाणतो. क्रेवीडचेही तसेच आहे. नर-मादी जवळ असली तरच बी धरते, आणि ते बहुधा जवळच्याच खडकाला चिकटते. सिडनीच्या खडकांवर मूळ रोपच उरले नव्हते. मग बी कोठून येणार?

२०११ पासून शास्त्रज्ञांनी लावणी सुरू केली. शहराच्या उत्तरेस व दक्षिणेस जे रान शाबूत होते, तेथून त्यांनी थोडीथोडी रोपे आणली. खडकावर प्लॅस्टिकची जाळी पक्की बसवून तिला नर व मादी रोपे शेजारीशेजारी बांधली. काही जागी रोपे लाटांनी गेली. पण बऱ्याच जागी रुजली आणि त्यांच्याभोवती नवी रोपे उगवली. नवी पिढी पुढे जाळीपासून शेकडो मीटरपर्यंत पसरली. हे काम पुढे ‘ऑपरेशन क्रेवीड’ या नावाने वाढले. शहरातील लोकांनी त्यासाठी वर्गणी दिली, स्वयंसेवकांनी हातभार लावला.

यातून आपण काय घ्यावे? ओढ्याचा काठ असो वा गावची गायराने, आधी नासाडीचे कारण थांबवावे. ते चालू असता लावलेले रोप वाया जाते. पण कारण थांबले म्हणजे काम संपले असे समजू नये. जवळपास बियाण्याचे झाड उरले आहे का, ते पाहावे. उरले असेल तर ते जपावे. नसेल तर दुसरीकडून रोपे आणून लावावी, आणि ती स्वतः बी धरीपर्यंत सांभाळावी.