पाहुणा, स्वकीय, खपवून घेतलेला : रोमेनियन व युगोस्लाव्ह स्थलांतरितांची तुलना

५.१ प्रस्तावना

मागील घटकात आपण 'भाषिक समाज' ही संकल्पना समजून घेतली. या घटकात आपल्याला स्थलांतरित समाजांची तुलना कशी करावी, हे पाहावयाचे आहे. उदाहरण मुद्दाम दूरचे घेतले आहे. दूरच्या उदाहरणात आपले हितसंबंध गुंतलेले नसतात आणि त्यामुळे विचार थोडा स्वच्छ होतो.

प्रश्न असा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर रोमेनिया आणि युगोस्लाव्हिया या दोन शेजारी देशांतून लक्षावधी माणसे पश्चिम युरोपात गेली. यांपैकी कोणत्या समाजाचे तेथे अधिक बरे झाले? कोणाला शिक्षणाला साजेसे काम मिळाले, कोणाची मुले पुढे गेली, कोणाला मानाने राहता आले?

अशा प्रश्नांची उत्तरे तपासताना 'अमुक समाज मुळातच उद्यमशील असल्यामुळे' या धर्तीचे वाक्य मला हटकून भेटते. या वाक्यात स्पष्टीकरण नसते. जे घडले तेच कारण म्हणून पुन्हा सांगितलेले असते. म्हणून प्रस्तुत लेखकाची सूचना अशी की, समाजाचे गुण शोधण्यापूर्वी एक साधी गोष्ट विचारावी : सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला त्या देशाच्या कायद्याने कोणत्या नावाने हाक मारली? आपण भाषेचे अभ्यासक आहोत. शब्दापासून सुरुवात करण्याचा आपल्याला अधिकार आहे.

५.२ एक नदी, दोन काठ

रोमेनिया आणि युगोस्लाव्हिया यांची सरहद्द बऱ्याच अंतरापर्यंत डॅन्यूब नदीने आखलेली होती. दोन्ही देशांत साम्यवादी राजवट होती. परंतु दाराची कडी दोघांनी वेगवेगळ्या बाजूंना लावली होती. मार्शल टिटो यांच्या युगोस्लाव्हियाने १९६० नंतरच्या दशकात नागरिकांना कामासाठी बाहेर जाण्याची मुभा दिली. ऑस्ट्रियाशी १९६६ मध्ये आणि पश्चिम जर्मनीशी १९६८ मध्ये कामगारभरतीचे करार झाले. पलीकडच्या काठावर चाउशेस्कू यांच्या रोमेनियात सामान्य नागरिकाला पासपोर्ट मिळणे जवळजवळ अशक्य होते. देश सोडण्यासाठी काही रोमेनियन रात्री ही नदी पोहून युगोस्लाव्हियात जात. त्यांतले काही गोळीला बळी पडले, काहींना पकडून परत पाठवले गेले. ज्या काठावरचा कामगार रेल्वेचे तिकीट काढून म्युनिकला जात होता, त्या काठावर पोहोचण्यासाठी समोरच्या काठावरचा माणूस जीव पणाला लावत होता.

युगोस्लाव्ह कामगाराला जर्मनीत मिळालेले नाव होते 'गास्टआर्बायटर', म्हणजे पाहुणा कामगार. या समासाकडे नीट पाहा. पाहुणा काम करीत नाही, आणि कामगाराला कोणी पाहुणा म्हणत नाही. तरीही हा शब्द टिकला, कारण त्यातील 'पाहुणा' एकच गोष्ट सांगत होता : तुम्ही परत जाणार आहात. नोव्हेंबर १९७३ मध्ये भरती थांबली, तेव्हा पश्चिम जर्मनीत सुमारे ७ लाख युगोस्लाव्ह राहत होते. त्यांत कुशल कारागीर पुष्कळ होते, स्त्रियांचाही वाटा लक्षणीय होता. मोटारीचे कारखाने, बांधकाम, रुग्णालये अशा ठिकाणी त्यांना नियमित पगाराची कामे मिळाली. आर्थिकदृष्ट्या ही सुरुवात वाईट नव्हती.

पण पाहुणेपणाची किंमत पुढच्या पिढीने मोजली. 'परतच जायचे आहे' ही समजूत तिन्ही बाजूंनी जपली गेली : जर्मन शासनाने, युगोस्लाव्ह शासनाने आणि स्वतः कामगारांनी. जर्मनीने प्रौढांना भाषा शिकवण्याची व्यवस्था फारशी केली नाही. युगोस्लाव्हियाने परदेशातील मुलांसाठी मातृभाषेचे पूरक वर्ग चालवले, कारण ही मुले परतणार होती. आईवडिलांनी बचत गावाकडच्या घरात ओतली. पूर्व सर्बियात आजही अशी दोन-तीन मजली घरे दिसतात. खिडक्या बंद, अंगणात गवत, आणि मालक वर्षातून तीन आठवड्यांसाठी येणारा. जर्मन शाळेत बहुतेक मुलांची वाट वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ठरते. घरात जर्मन नाही आणि आयुष्याचा मुक्काम कोठे ते ठरलेले नाही, अशा मुलांपैकी अनेकांच्या वाट्याला कनिष्ठ प्रवाहाच्या शाळा आल्या, यात नवल नाही.

व्हिएन्नामध्ये १९७३ साली लागलेले एक भित्तिपत्रक भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये असे आहे. पारंपरिक ऑस्ट्रियन वेशातला एक लहान मुलगा परदेशी कामगाराला विचारतो की, माझे आडनाव कोलारिच, तुमचेही आडनाव कोलारिच. मग लोक तुम्हाला तो तुच्छतेचा शब्द का वापरतात? व्हिएन्नाच्या दूरध्वनी-सूचीत स्लाव्ह आडनावे पिढ्यान्‌पिढ्या होती. आडनाव तेच राहिले. एकाच्या बाबतीत ते अस्सल शहरी मानले गेले, दुसऱ्याच्या बाबतीत परके. फरक आडनावात नव्हता, आगमनाच्या तारखेत होता.

५.३ स्वकीय म्हणून आलेले

आता रोमेनियाकडे वळू. बंद देशातून बाहेर पडण्याचा एक मार्ग मात्र होता. ट्रान्सिल्व्हेनिया आणि बनात या प्रदेशांत जर्मन भाषा बोलणारी वस्ती शतकानुशतके होती. यांना बाहेर जाऊ द्यावे म्हणून पश्चिम जर्मनी रोमेनियाला माणशी रक्कम देत असे. हा व्यवहार बराच काळ गुप्त होता. १९७८ मध्ये चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांच्या बुखारेस्ट भेटीत त्याला नियमित स्वरूप आले. १९६७ ते १९८९ या काळात दोन लाखांहून अधिक माणसे अशा रीतीने बाहेर पडली. राजवट कोसळल्यानंतर १९९० या एकाच वर्षी आणखी एक लाखाहून अधिक जर्मनभाषक रोमेनिया सोडून आले.

त्यांना मिळालेले नाव 'आउसझीडलर' असे होते. मूळ देशातील वसाहत सोडून आलेला, असा त्याचा साधारण अर्थ. कायद्याच्या दृष्टीने तो स्वकीयच. आल्याबरोबर नागरिकत्व, भाषावर्ग, रोमेनियात केलेल्या नोकरीची वर्षे निवृत्तिवेतनात धरणे, हे सारे त्या एका शब्दामागून आले. या गटाचे पुढे चांगले झाले. परंतु 'रोमेनियातून आलेले जर्मनीत यशस्वी झाले' असे कोणी लिहू लागेल, तर त्याला पुढची ओळ दाखवावी. १९९२ मध्ये रोमेनियातून जर्मनीत आश्रय मागणाऱ्यांची संख्याही एक लाखावर गेली. त्यांत रोमा समाजाचे लोक पुष्कळ होते. त्याच वर्षी जर्मनीने त्यांना परत पाठवण्यासाठी रोमेनियाशी करार केला. दोन वर्षांच्या अंतराने, एकाच देशातून, जवळजवळ सारख्याच संख्येने माणसे आली. एकांना नागरिकत्व मिळाले, दुसऱ्यांपैकी बहुतेकांना परतीची वाट दाखवली गेली.

५.४ खपवून घेतलेले

युगोस्लाव्हिया फुटल्यावर तेथूनही दुसरी लाट निघाली. १९९२ ते १९९५ च्या बोस्नियातील युद्धामुळे सुमारे साडेतीन लाख बोस्नियन जर्मनीत आले. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या कागदावर 'डुल्डुंग' हा शब्द होता. शब्दशः अर्थ : सोसणे, खपवून घेणे. कायद्यात त्याचा अर्थ एवढाच की, तूर्त तुम्हाला हाकलणार नाही. मुदत थोडी, पुन्हापुन्हा वाढवून घ्यावी लागणारी. कामाच्या परवान्यावर निर्बंध. ज्याला सहा महिन्यांपलीकडचे दिसत नाही, तो भाषेचा दीर्घ अभ्यासक्रम कशाला घेईल, आणि मालक त्याला कायमची नोकरी तरी का देईल?

याच लोकांपैकी पन्नास हजारांच्या आसपास माणसे स्वीडनमध्ये गेली. तेथे शासनाने १९९३ मध्ये त्यांना कायमच्या वास्तव्याचा परवाना दिला. स्वीडनमध्ये तेव्हा मोठी मंदी होती, त्यामुळे पहिली काही वर्षे त्यांना काम मिळणे कठीण गेले. तरीही मुक्काम पक्का असल्याने ते भाषा शिकले, पदव्यांना मान्यता मिळवू लागले. मंदी सरल्यावर त्यांचा रोजगार वाढत गेला आणि मुलांनी शिक्षणात चांगली प्रगती केली. जर्मनीतील बोस्नियनांपैकी बहुसंख्यांना डेटन करारानंतर काही वर्षांत देश सोडावा लागला. काही घरी परतले, काही अमेरिकेला गेले. युद्ध तेच, गावे तीच, भाषा तीच. वेगळा होता तो कागद.

येथे दोन लेखकांची आठवण होते. हेर्टा म्युलर यांचा जन्म १९५३ मध्ये रोमेनियातील बनात प्रदेशात, जर्मनभाषक खेड्यात झाला. गुप्त पोलिसांना साहाय्य करण्याचे नाकारल्यामुळे त्यांची कारखान्यातील भाषांतरकाराची नोकरी गेली. १९८७ मध्ये त्या जर्मनीत आल्या आणि २००९ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. साशा स्टानिशिच यांचा जन्म १९७८ मध्ये बोस्नियातील व्हिशेग्राड येथे झाला. चौदाव्या वर्षी, जर्मनचा गंध नसताना, ते हायडेलबर्गला पोहोचले. राज्यशास्त्र शिकलेल्या आईला तेथे कपडे धुण्याच्या कारखान्यात काम मिळाले, वडिलांना बांधकामावर. १९९८ मध्ये आईवडिलांना जर्मनी सोडून अमेरिकेला जावे लागले. मुलगा शिक्षणाच्या आधारावर मागे राहिला आणि २०१९ मध्ये जर्मन पुस्तक पारितोषिकाचा मानकरी ठरला. दोघांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. पण स्टानिशिच कुटुंब एकाच घरात राहत होते आणि तरी मुलाचे व आईवडिलांचे भवितव्य वेगळे झाले, हे 'समाजाच्या गुणांनी' कसे समजावून सांगणार?

५.५ जवळची भाषा

रोमेनियनांचे सर्वांत मोठे स्थलांतर याहून नंतरचे आहे. २००२ पासून त्यांना व्हिसाविना प्रवास करता येऊ लागला. २००७ मध्ये रोमेनिया युरोपीय संघात आला. इटलीत आज दहा लाखांहून अधिक रोमेनियन नागरिक आहेत; तेथील सर्वांत मोठा परदेशी समाज तोच. स्पेनमध्येही त्यांची संख्या काही लाखांत आहे. जर्मनीचे दार मात्र कामगारांसाठी पुरते उघडले ते २०१४ मध्ये.

सुरुवातीला ओघ इटली-स्पेनकडेच का गेला? तुम्ही भाषेचे विद्यार्थी आहात, तेव्हा उत्तर कानाने घ्या. 'भाकरी' म्हणजे पाव या अर्थी रोमेनियन 'प्युने', इटालियन 'पाने', स्पॅनिश 'पान'. दूध : 'लाप्ते', 'लात्ते', 'लेचे'. तिन्ही भाषा लॅटिनच्या लेकी. रोमेनियन स्त्री इटलीत पोहोचल्यावर काही महिन्यांत बोलू लागते. (जवळची भाषा फसवतेही. हिंदीत 'शिक्षा' घेतात आणि मराठीत ती भोगतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे.)

मग या भाषिक सोयीने त्यांना चांगले काम मिळवून दिले का? येथे आपल्या विषयाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. भाषा लवकर आली म्हणूनच इटालियन घरांनी आपल्या वृद्धांची देखभाल या स्त्रियांवर सोपवली. दिवसरात्र त्याच घरात राहणे, आठवड्यातून थोडी सुटी, आणि स्वतःची मुले रोमेनियात आजीपाशी. यांतल्या कित्येकजणी शिकलेल्या होत्या. परतल्यावर त्यांना जडणाऱ्या खिन्नतेला 'इटली सिंड्रोम' असे नाव पडले. उलट, अवघड असलेली जर्मन भाषा परीक्षा देऊन शिकणारे रोमेनियन डॉक्टर जर्मन रुग्णालयांत डॉक्टर म्हणूनच काम करू लागले, कारण त्यांची पदवी संघाच्या नियमांनुसार मान्य होती. त्याच जर्मनीत मांसप्रक्रिया कारखान्यांत कंत्राटदारामार्फत राबणारे रोमेनियनही होते. २०२० मधील साथीत त्यांच्या दाटीवाटीच्या निवासांची चर्चा झाली आणि पुढच्या वर्षीपासून त्या उद्योगातील कंत्राटी पद्धतीवर बंदी आली. डॉक्टर आणि कसाईखान्यातील कामगार यांची सरासरी काढून 'रोमेनियन समाज' हाती लागत नाही.

५.६ तक्त्यातील नावे

शेवटचा मुद्दा तक्त्याच्या डाव्या रकान्याचा. 'युगोस्लाव्ह' म्हणून मोजलेला माणूस १९९२ नंतर सर्ब, क्रोएट, बोस्नियन वा कोसोव्होतील अल्बेनियन झाला. क्रोएशिया २०१३ मध्ये युरोपीय संघात गेला. कोसोव्होच्या नागरिकांना व्हिसाविना प्रवासाची मुभा २०२४ मध्ये मिळाली. एकेकाळी एकाच कारखान्यात शेजारी उभे राहिलेल्यांच्या मुलांजवळ आज वेगवेगळ्या वजनाचे पासपोर्ट आहेत. सर्बो-क्रोएशियन भाषेचीही चार नावे झाली. व्हिएन्नातील किंवा म्युनिकमधील कामाच्या ठिकाणी मात्र ही माणसे वाद टाळण्यासाठी तिला 'नाश्की' म्हणतात. 'नाश्की' म्हणजे आपली.

आणि पूर्व सर्बियातील तिमोक खोऱ्यातून व्हिएन्नाला गेलेले व्लाह? कागदोपत्री ते युगोस्लाव्ह, पण घरात ते रोमेनियनची बोली बोलतात. आपल्या मूळ प्रश्नातील दोन रकान्यांपैकी त्यांना कोठे बसवायचे, याचा निर्णय तुम्ही घ्या आणि कारण लिहा.

स्वाध्याय

तुमच्या गावात किंवा शहरात कामासाठी बाहेरून आलेले दोन गट निवडा. उदाहरणार्थ, ऊसतोडणीसाठी आलेली कुटुंबे आणि बदलीवर आलेले बँकेतील कर्मचारी. गावातील लोक प्रत्येक गटाला कोणत्या शब्दाने संबोधतात, त्यांच्याजवळ वास्तव्याचा कोणता कागद आहे, मुक्कामाची मुदत कोण ठरवते आणि त्यांची मुले शाळेत कोणत्या भाषेत उत्तरे लिहितात, हे प्रत्यक्ष बोलून टिपून घ्या. त्या टिपणांच्या आधारे तीनशे शब्दांत तुलना लिहा. 'मुळातच' हा शब्द वापरू नका.