दूध वेळेवर का पोचत नाही?

चिखली, जि. बुलढाणा

चि. सोनू,

परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत तुला पीएच.डी.ला जागा मिळाली, ऐकून ऊर भरून आला. गरोदर बायांचा रक्तक्षय घ्यावा की अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं पोषण, असा तुझा पेच आहे. बाळंतपणाच्या वॉर्डात माझी सगळी नोकरी झाली, मला हे दोन विषय वाटतच नाहीत. अंगात रक्त नाही, बीपी चढलेला, जंतुसंसर्गाकडे कुणी पाहिलेलं नाही आणि कापूस वेचणी आठव्या महिन्यापर्यंत सुरू, अशा बाईचीच बाळं बरेचदा दिवस भरायच्या आत येतात.

पुढे काय होतं ते बघ. आई एका गावच्या दवाखान्यात टाके घेऊन पडलेली आणि बाळ 108 च्या गाडीतून बुलढाण्याला. 34 आठवड्यांच्या आतल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ जमत नाही, म्हणून आधी नळी, मग वाटी-चमचा नाहीतर बोंडलं. पण त्यात घालायचं दूध आईजवळ! अपुऱ्या दिवसांच्या आईच्या सुरुवातीच्या दुधात प्रथिनं जास्त असतात, आणि नेमके तेच दिवस हातचे जातात. फार कमी वजनाच्या बाळाला वरून कॅल्शियम, फॉस्फरस, प्रथिनं लागतात हे खरं. तरी हे घटक दुधात मिसळायच्या पुड्यांवर अभ्यास करण्याआधी पहिलं दूध किती तासांनी पिळलं आणि ते का पोचलं नाही, हे मोज. मला तरी खरा विषय तिथेच दिसतो.

तुझ्या संस्थेपासून सायनचं रुग्णालय लांब नाही. तिथे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी जंतुसंसर्गानं दगावणारी बाळं पाहून आईच्या दुधाची कास धरली, आणि 1989 साली आशियातली पहिली दूधपेढी उभी राहिली. दुसऱ्या आईचं दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवून देतात. त्यात काही संरक्षक घटक कमी होतात, म्हणून बाळाच्या स्वतःच्या आईचं ताजं दूध पहिलं. ती पेढी डोळ्यांनी पाहून ये.

आणि बायांना विचारायचं कसं, तेही शिकून घे. त्याच 1989 साली गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. दोन गावांतल्या 650 बाया तपासल्या, त्यातल्या 92 टक्के बायांना स्त्रीरोग निघाले. तोवर तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. बाया बोलत नाहीत असं नव्हतं गं, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा प्रश्नावली आधी मराठीत लिही. आपल्या आशाताईंना वाचून दाखव, आणि त्या जिथे अडतील तिथलं वाक्य बदल. बाईला सासूसमोर विचारू नकोस. जिचं बाळ गेलं असेल तिला गाळू नकोस. तिच्याजवळ बस, ती सांगेल तेवढंच लिही. दिवाळीत आलीस की मेहकर, लोणारकडच्या आशाताईंशी गाठ घालून देते.

पोचलीस की फोन कर.

तुझी,
मावशी